अमावस्येची फॅट

राग माझ्या नाकावर असतो. वडील वकील, आई शिक्षिका, दोघंही शब्द तोलून बोलणारी, आणि त्यांच्या पोटी मी ही अशी. आमच्या आळीत मला लवंगी मिरची म्हणायचे. वय झालं तशी जरा निवळलेय, असं घरचे म्हणतात; मला तसं काही वाटत नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. कॉम्प्युटर शिकून मी पुण्याहून बारामतीला परत आले होते आणि एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत नोकरीला लागले होते. ऑफिसात माणसं दोनच, सर आणि मी. सर पुण्यातली नोकरी सोडून आले होते आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक डेटाबेस तयार केला होता. डेटाबेस म्हणजे माहितीची कोठी. आकडे, नावं, तारखा आत ठेवायच्या आणि मागितल्या की जशाच्या तशा काढून द्यायच्या. ही कोठी आम्ही पतसंस्थांना विकायचो, दवाखान्यांना विकायचो आणि दूध डेअऱ्यांना तर फारच. सरांचा तिच्यावर पोटच्या पोरीएवढा जीव. तिच्यात खोट काढली की त्यांचा चेहरा पडायचा.

एक दिवस दुपारी जिन्यावर कोल्हापुरी वहाणांचा आवाज झाला आणि दारात एक बाई उभी राहिली. नऊवारी, ठसठशीत कुंकू, हातात बाजाराची पिशवी.

“तात्यांच्या चिलिंगवर काम्पुटर तुमीच बसवला न्हवं?” तिनं विचारलं.

चिलिंग म्हणजे भिगवणच्या पलीकडं हायवेला असलेलं दूध थंड करायचं केंद्र. आजूबाजूच्या गावांतलं दूध कॅनमधून तिथं यायचं, त्याची फॅट, म्हणजे स्निग्धांश, तपासायची आणि मग ते मोठ्या टाकीत जायचं. मालक एक वयस्क गृहस्थ, सगळी पंचक्रोशी त्यांना तात्या म्हणायची. ही बाई डाळजची. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती आणि गाई. गावातलं दूध गोळा करून चिलिंगला पाठवायचं संकलन ती चालवायची. गाव तिला आक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही आक्काच म्हणायला लागलो.

“ताई, माज्या दुधाला रोज फॅट बरोबर लागती,” आक्का खुर्चीवर न बसता म्हणाली. “फकस्त अमावस्येला तीन लागती. साडेतीनच्या खाली गेलं की पाणी घातलं म्हणत्यात. तात्या म्हणलं, अजून एकदा असं झालं की तुजं संकलन बंद.”

सर हसले. “आक्का, कॉम्प्युटरला अमावस्या कळत नाही हो.”

“मला कळती,” आक्का म्हणाली.

मला सरांच्या हसण्याचा असा काही संताप आला म्हणता! एक बाई कामधाम टाकून आलीय, तोंड उतरलंय, आणि हे हसतायत. मी आक्काला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं आणि सगळं नीट सांगा म्हणाले.

तिनं सांगितलं ते असं. डाळजमधली तिच्या भावकीतली घरं अमावस्येला दूध विकत नाहीत. वाडवडिलांपासूनची रीत. त्या दिवशीचं दूध देवाला दाखवायचं, पोराबाळांनी प्यायचं, आल्यागेल्याला द्यायचं, पण विकायचं नाही. त्यामुळं अमावस्येला तिच्याकडं बाकीच्या थोड्या घरांचंच दूध यायचं. आणि नेमकी त्याच दिवशी फॅट खाली. मग लोकांनी दोन आणि दोन चार केले. दूध कमी पडलं म्हणून आक्कानं पाणी ओतून कॅन भरले.

“मी न्हाय घातलं, हे मला ठावं हाय,” ती म्हणाली. “मग घातलं कुनी? अमावस्येला समद्यात जास्त दूध घालती ती माजी शेजारीण. आमी दोघी एकाच साली नांदायला आलो. भिंतीला भिंत. मी तिच्या दारात जाऊन म्हणलं, बाई, तुजं दूध उद्यापासनं नगं.”

“मग?”

“मग काय. पुढल्या अमावस्येला तिचं दूध न्हवतं, तरी तीनच लागली.” आक्कानं पदर तोंडाशी नेला. “आता मी कुठल्या तोंडानं तिच्या दारात जाऊ? आदी मला कळाय पायजे चूक कुटली हाय.”

झालं. मी पुढच्या अमावस्येला सकाळी पहिल्या एसटीनं भिगवण गाठलं. सर म्हणाले, “उगाच जातेस.” मी म्हणाले, “माझी रजा मांडा.”

चिलिंगवर लगीनघाई चाललेली. तात्यांनी दूध तपासायचं परदेशी यंत्र आणलं होतं. नमुना आत धरला की फॅटचा आकडा थेट तारेवरून कॉम्प्युटरमध्ये. त्या यंत्राचा त्यांना कोण अभिमान! आपल्याकडं अमावस्येला गाडीची, मोटारीची पूजा करतात तशी तात्या या यंत्राची करायचे. महिनाभर रात्रंदिवस चालू असलेलं यंत्र त्या सकाळी बंद करायचं, पुसून लख्ख करायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि मग परत चालू करायचं. ते गरम होऊन तयार व्हायला बराच वेळ लागायचा. तोवर आलेलं दूध जुन्या पद्धतीनं, काचेच्या नळीत ॲसिड घालून तपासायचे. तपासणारा आतल्या खोलीत. त्याला फक्त नमुन्याचा नंबर माहीत, दूध कुणाचं ते नाही. तो फॅट चिठ्ठीवर लिहून खिडकीतून सरकवायचा आणि बाहेरचा क्लार्क ती टाइप करायचा. पूजेच्या गडबडीत त्या बिचाऱ्याला स्क्रीनकडं बघायला उसंत कुठली? छापलेली पावती फाडायची आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायची.

नारळ फुटला, यंत्र सुरू झालं आणि तेवढ्यात डाळजची पिकअप आली. गोळा करायला दूध कमी म्हणून त्या दिवशी तिचीच गाडी सगळ्यांच्या आधी. मी क्लार्कच्या मागं जाऊन उभी राहिले. चिठ्ठी आली. तीन पॉइंट नऊ. क्लार्कनं टाइप केलं, तीन पॉइंट नऊ. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पावती निघाली तर तीन!

मी एवढ्या जोरात ओरडले की तात्या हातातलं खोबरं घेऊन धावत आले. मी चिठ्ठी दाखवली, पावती दाखवली. तात्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

“ताई, पोरानं कायतरी चुकीचं दाबलं आसंल,” ते म्हणाले. “एका चिठ्ठीवर मी माज्या मशीनला चोर म्हणू व्हय? पुढली अमावस्या बघू. बरोबर लागली तर मागचं समदं खोटं धरू. न्हाय लागली तर आक्काचं संकलन बंद. आता ह्यावर बोलायचं न्हाय.”

बोलायचं तर खूप होतं माझ्या जिभेवर. पण एसटीची वेळ झाली होती.

ऑफिसात आल्यावर कारण सापडायला फार वेळ लागला नाही, कारण आता कुठं बघायचं ते माहीत होतं. यंत्र ज्या देशातून आलं त्या देशात दशांश चिन्ह म्हणून टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. आकडे, तारखा कुठल्या देशाच्या रीतीनं वाचायच्या हे ठरवणारी एक सेटिंग कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये असते, तिला लोकेल म्हणतात. आमचा प्रोग्रॅम एका वेळी दोन कामं करायचा, म्हणजे त्याचे दोन थ्रेड होते. एक यंत्राशी बोलायचा, दुसरा क्लार्कचे आकडे घ्यायचा. यंत्राशी बोलायला त्या कंपनीनंच एक तयार तुकडा दिला होता. यंत्र सुरू होताना तो तुकडा लोकेल बदलून आपल्या देशाची करायचा आणि यंत्र तयार झालं की परत आमची करून ठेवायचा. त्याच्या मते तो आपल्यापुरतंच बदलत होता. पण ही सेटिंग एकेका थ्रेडची नव्हतीच, अख्ख्या प्रोग्रॅमची मिळून एकच होती. आपल्या खोलीतला दिवा मालवायला कुणी घराचा मेन स्विच खाली ओढावा, तसला प्रकार. तेवढ्या वेळात क्लार्कनं तीन पॉइंट नऊ टाइप केलं की आमचा डेटाबेस तीन वाचायचा, पुढचं टिंब बघून थबकायचा आणि नऊ सोडून द्यायचा. यंत्र बंद करून चालू व्हायचं फक्त अमावस्येला. आणि त्या वेळात यायची फक्त डाळजची गाडी.

सरांना दाखवलं. त्यांनी स्वतः दोनदा चालवून बघितलं. मग म्हणाले, “अगं, सोपं आहे. तात्यांना सांगू, पूजा दूध संपल्यावर करा. एक ओळ बदलायला नको.”

मला ते इतकं बरोबर वाटलं की माझाच राग आला. खरंच सोपं होतं. दोन दिवसांनी आक्का आली तेव्हा मी तिला तसं सांगितलं.

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “ताई, पूजा हलवली आन् फॅट बरोबर लागली, तर लोक काय म्हणतील? म्हणतील आक्का घाबरली, पाणी घालायची बंद झाली. माज्या शेजारणीला मी काय सांगू? आरती दुपारी केली म्हणून तू खरी?” तिनं सरांकडं बघितलं. “पूजा तीच पायजे, येळ तीच पायजे, माजी गाडी तवाच याय पायजे. आन् फॅट बरोबर लागाय पायजे.”

ती गेल्यावर सर म्हणाले, “हट्टी आहे.” मी म्हणाले, “बरोबर आहे ती.” आणि आम्ही भांडायला बसलो. तसं आमचं भांडण म्हणजे मी बोलायची आणि सर खडूनं फळ्यावर चौकोन काढायचे.

दुरुस्ती करायची कुठं, एवढाच प्रश्न होता. सर म्हणाले, दोष परदेशी तुकड्याचा, त्यांना कळवू. मी म्हणाले, त्यांचं उत्तर येईपर्यंत आक्काचे कॅन गंजतील. सर म्हणाले, मग यंत्र तयार होईपर्यंत क्लार्कला थांबवू. मी म्हणाले, दूध थांबतं का? मग आम्ही मधला मार्ग काढला. आमच्या डेअरीच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालायची. यंत्रानं लोकेल बदलली रे बदलली की आपण ती परत आपली करायची.

दुपारच्या रिकाम्या वेळात चिलिंगवर जाऊन, यंत्र बंद-चालू करून, ते करून बघितलं. आता यंत्राची पंचाईत झाली. सुरू होताना लागणारे त्याचे स्वतःचे आकडे स्वल्पविरामाचे, ते त्याला वाचता येईनात. त्यानं लाल दिवा लावला आणि कोकलायला लागलं. तात्या आले, लाल दिवा बघितला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या सुनेचं मंगळसूत्र तोडलंय. ती ओळ मी जागच्या जागी काढून टाकली.

परत येताना भिगवणला सरांनी गाडी थांबवली. उजनीच्या पाण्यातली मासळी तिथं ताजी मिळायची, आणि सरांचं डोकं भरल्या पोटी जास्त चालतं हे मला माहीत होतं. मी पिठलं मागवलं. सरांनी ताट संपवलं, बोटं धुतली आणि बडीशेप तोंडात टाकली.

“तू म्हणशील ते मला कळतंय,” ते म्हणाले. “कोठीतच हात घालायचा.”

“हो.”

“आकडा वाचायचं काम मी सिस्टिमवर सोपवलं होतं. ती लोकेलला विचारते. ते काढून आपलं आपण लिहायचं, कुणाला न विचारता.”

“हो.”

“पण ती कोठी सगळीकडं आहे गं. पतसंस्था, दवाखाने. एक टिंब चुकलं तर सगळीकडं चुकेल. सगळ्यांना फ्लॉप्या नेऊन द्याव्या लागतील, आणि का ते सांगावं लागेल.” त्यांचा चेहरा पडला होता. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

“सर,” मी जमेल तेवढं हळू म्हणाले, “उद्या दवाखान्यात कुणी असलंच यंत्र जोडलं, तर औषधाचा आकडा तुटेल. तिथं पूजा कुणाची हलवणार?”

त्यांनी पैसे दिले, गाडी सुरू केली. बारामतीच्या फाट्याला आल्यावर आपणहून म्हणाले, “घरात पाहुणा आला म्हणून कोठीतलं धान्य बदलतं का? नाही ना? मग चूक पाहुण्याची नाही. कोठीची आहे. उद्या सकाळी बसू.”

बसलो. लिहायचं थोडंच होतं. एकेक अक्षर बघायचं, अंक असला तर धरायचा, टिंब आलं तर तिथून दशांश, आणि लोकेल काय म्हणते ते विचारायचंच नाही. बाहेर देतानाही तसंच. लिहून झालं पटकन, तपासण्यातच दिवसच्या दिवस गेले. मी मुद्दाम लोकेल सारखी बदलत ठेवली आणि दुसऱ्या थ्रेडनं आकड्यांचा मारा केला. सर माझ्या मागं उभे राहून दाढी खाजवायचे. एकही आकडा तुटला नाही. मग नवी कोठी चिलिंगवर नेऊन बसवली.

अमावस्या आली. मी आणि सर दोघंही गेलो. तात्यांनी यंत्र पुसलं, हार घातला, नारळ फोडला. डाळजची पिकअप वेळेवर आली आणि ड्रायव्हरच्या शेजारून आक्का उतरली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. ती खिडकीशी येऊन उभी राहिली आणि तिनं कुणाकडंच बघितलं नाही. आम्ही ऑफिसात हजार वेळा बघितलं असलं तरी काय झालं, इथं एका बाईची अब्रू त्या छपाईच्या यंत्रातून बाहेर यायची होती.

चिठ्ठी आली. क्लार्कनं टाइप केलं. पावती खडखडत निघाली. तात्यांनी ती स्वतः फाडली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचली. “तीन पॉइंट आठ.”

त्यांनी पावती आक्काच्या हातात दिली. मग तात्या म्हणाले, “आक्का, मशीन चुकत हुतं. तुजं दूध चोख हाय.”

“मशीन नाही, तात्या,” सर म्हणाले. माझा कानांवर विश्वास बसेना. “मशीन बरोबर होतं. चूक आमच्या डेटाबेसची. मी केलेली. आक्का, मी तुम्हाला हसलो होतो, ते मनात ठेवू नका.”

आक्कानं सरांकडं बघून मान हलवली. मला वाटलं होतं ती हसेल, रडेल, तात्यांना दोन शब्द सुनावेल. मी असते तर सुनावले असते! तिनं पावतीची घडी केली, कमरेला खोचली आणि मला म्हणाली, “ताई, डाळजला येता का? मला एकटीला जमायचं न्हाय.”

सर बारामतीला परतले. मी पिकअपच्या हौद्यात रिकाम्या कॅनांबरोबर बसून डाळजला गेले.

शेजारीण गोठ्यात शेण भरत होती. आक्काला बघून तिनं घमेलं खाली ठेवलं नाही. आक्का दारातच उभी राहिली. कमरेची पावती तिनं काढली, हातात धरली आणि परत खोचली.

“चूक माजी हाय,” ती म्हणाली. “काम्पुटर चुकत हुता. तुज्या दुधात काय न्हवतं.”

शेजारणीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग आक्काकडं. “काम्पुटर नीट झाला म्हणून आलीस,” ती म्हणाली. “झाला नसता तर?”

आक्का खालच्या आवाजात म्हणाली, “तरीबी याय पायजे हुतं.” आणि पदर डोळ्यांना लावून तिथंच उंबऱ्यावर बसली.

शेजारणीनं घमेलं ठेवलं, हात धुतले. “आत बस. दारात रडू नगंस, लोक बघत्यात,” ती म्हणाली. “चहा करते. दुधाला काय तोटा न्हाय आमच्याकडं, तूच बंद केलंस न्हवं.”

तिनं चुलीवर पातेलं ठेवलं. किटली भरून दूध ओतलं, साखर टाकली, चहाची पूड टाकली. पाण्याचा तांब्या शेजारीच होता, त्याला तिनं हात लावला नाही. चहा उकळला तशी तिनं तीन कप भरले आणि पहिला आक्कापुढं सरकवला.

“पी,” ती म्हणाली. “निस्त्या दुधाचा हाय.”